भिंतीवर टांगलेली भूमी



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात मुलांना निसर्गचित्रण शिकवण्यात घालवली. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी निसर्गचित्राबद्दलचाच एक प्रश्न निवडला आहे. चित्रात जी जमीन दिसते, तिच्यावर हक्क कुणाचा? ती सुंदर आहे असं म्हणून आपण चित्र विकत घेतो, दिवाणखान्यात लावतो, पाहुण्यांना दाखवतो. त्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसाच्या पदरात या कौतुकातून काय पडतं? अल्बर्ट नामाटजिरा या ऑस्ट्रेलियन जलरंगकाराच्या आयुष्यात हा प्रश्न जितक्या स्पष्टपणे उभा राहिला, तितका क्वचितच कुणाच्या आयुष्यात राहिला असेल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: भूमीचं कौतुक आणि त्या भूमीवरच्या माणसाचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नाहीत. ज्या समाजाने त्या वेगळ्या ठेवल्या, त्याने ते चित्र पाहिलंच नाही.

आधी प्रदेश पाहू. ऑस्ट्रेलियाच्या नकाशाच्या मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव आहे. त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला मिळून सहाशे किलोमीटरहून अधिक लांब पसरलेल्या मॅकडोनेल पर्वतरांगा आहेत. पाऊस वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास, पण ही सरासरी फसवी. एखाद्या वर्षी धो धो कोसळतो आणि मग कित्येक महिने थेंब पडत नाही. दगडमातीतल्या लोहाच्या गंजामुळे जमीन लाल. फिंक नदी, जिला तिथले अरांडा लोक लारापिंटा म्हणतात, ती वर्षाचा बहुतेक काळ म्हणजे कोरड्या वाळूचं रुंद पात्र. पाणी असतं ते वाळूच्या पोटात आणि डोंगरांच्या घळींत साचलेल्या डोहांत. काठावर निलगिरीच्या कुळातली झाडं. त्यांतलं एक, घोस्ट गम, पांढऱ्याफेक सालीचं. लाल कड्याला ते खेटून उभं असलं की दुरूनही नजर आधी त्याच्यावर जाते.

या प्रदेशाला गोऱ्या वसाहतकारांनी काय म्हटलं? जे. डब्ल्यू. ग्रेगरी या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०६मध्ये लेक एअर परिसरातल्या प्रवासावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच ऑस्ट्रेलियाचं मृत हृदय असा शब्दप्रयोग केला. तो लोकांच्या तोंडी बसला. कायद्याची दृष्टीही तशीच होती. ब्रिटिश येण्यापूर्वी हा खंड कुणाच्याच मालकीचा नव्हता, असं गृहीत धरून जमिनीचे सगळे व्यवहार झाले. ते गृहीतक ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने माबो खटल्यात फेटाळलं ते १९९२मध्ये. म्हणजे आपण ज्या चित्रकाराबद्दल बोलणार आहोत त्याचं सगळं आयुष्य, जन्मापासून मरणापर्यंत, त्याची भूमी कायद्याने निर्जन मानली जात असतानाच सरलं.

ती निर्जन नव्हती याचा एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. फिंक नदीच्या खोऱ्यात पाम व्हॅली नावाची घळ आहे. भोवती वाळवंट आणि मध्ये उंच ताडांची दाटी. हे ताड प्राचीन ओल्या काळातले अवशेष असावेत, असं शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं मानत आले. अरांडा लोकांची कथा मात्र वेगळी होती: उत्तरेकडून आलेल्या देवांनी ही बीजं इथे आणली. कार्ल स्ट्रेलो या जर्मन मिशनऱ्याने ती १८९४मध्ये टिपून ठेवली होती. पुढे २०१२मध्ये या ताडांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. शेकडो किलोमीटर उत्तरेला वाढणाऱ्या ताडांपासून हे ताड सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वीच वेगळे झाले असावेत, आणि ते माणसांनी इथे आणले असण्याची दाट शक्यता आहे, असं त्यात दिसलं. ज्याला आपण रान म्हणतो ते कुणीतरी लावलेलं, राखलेलं आणि आठवणीत जपलेलं असू शकतं. नामाटजिरांनी ही पाम व्हॅली पुन्हा पुन्हा रंगवली.

त्यांचा जन्म २८ जुलै १९०२चा, हर्मन्सबर्ग इथला. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवर जर्मन लुथेरन मिशनऱ्यांनी १८७७मध्ये वसवलेली ही वस्ती. मुलाचं नाव एलिआ. आईवडिलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तो अल्बर्ट झाला. मिशनच्या शाळेत तो वाढला, पण तेरा वर्षांचा झाल्यावर अरांडा रीतीप्रमाणे दीक्षेसाठी रानात गेला आणि काही महिने वडीलधाऱ्यांबरोबर राहिला. कोणता डोंगर कोणत्या पूर्वजाचा, कुठलं पाणी कुणी प्यायचं, कोणत्या जागी पाऊल टाकायचं नाही, हे शिक्षण त्या महिन्यांचं. पुढे प्रेमविवाह. मुलगी कुकाचा जमातीची, नात्यांच्या नियमांत न बसणारी, म्हणून दोघांनी मिशन सोडलं आणि काही वर्षं बाहेर काढली. त्या काळात अल्बर्ट यांनी उंट हाकले.

या उंटांशी आपलं एक जुनं नातं आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात घोडे आणि बैल टिकेनात, म्हणून थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने १८६६च्या सुरुवातीला शंभराहून अधिक उंट आणि ते हाकणारी माणसं बोटीने पोर्ट ऑगस्टाला उतरवली. ती बोट आली होती कराचीहून, आणि कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होतं. सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान अशा ठिकठिकाणच्या या माणसांना तिथे सरसकट अफगाण म्हटलं गेलं. ॲलिस स्प्रिंग्जला १९२९मध्ये रेल्वे पोचेपर्यंत पीठ, तार, औषधं, लोकर असं सगळं त्यांच्या उंटांच्या पाठीवरून गेलं. नामाटजिरा ज्या धंद्यात शिरले, त्याची वाट आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या माणसांनी पाडली होती.

विसाच्या दशकाच्या अखेरीस मोठा दुष्काळ पडला. हर्मन्सबर्गमध्ये खायला ताजं काही उरलं नाही, लहान मुलं दगावली. तेव्हा व्हायलेट टीग ही चित्रकार आणि तिची बहीण उना यांनी मेलबर्नमध्ये चित्रांचं प्रदर्शन आणि विक्री करून निधी उभा केला. त्या पैशांतून कापोरिल्जा झऱ्याचं पाणी १९३५मध्ये नळाने वस्तीत आलं. चित्रातून पाणी येऊ शकतं, हे त्या वस्तीने डोळ्यांनी पाहिलं.

त्याच्या आदल्या वर्षी, १९३४मध्ये, रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर या दोन चित्रकारांनी मिशनमध्ये आपली जलरंगचित्रं मांडली होती. वस्तीतले लोक चित्रांपुढे उभे राहून आपल्या ओळखीच्या जागा शोधू लागले. नामाटजिरा तोवर लाकडाच्या फळ्यांवर तापल्या तारेने नक्षी जाळून मिशनसाठी वस्तू करत असत. आपणही रंगवू शकू, असं त्यांच्या मनाने घेतलं. बॅटरबी पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेला माणूस. तो १९३६मध्ये परत आला, तेव्हा सौदा ठरला: नामाटजिरांनी उंट सांभाळायचे, वाट दाखवायची, आणि बदल्यात बॅटरबीने रंग शिकवायचे. दोन महिने ते पाम व्हॅली आणि मॅकडोनेल रांगांत हिंडले. एकाला जागा ठाऊक होत्या, दुसऱ्याला तंत्र. पुढच्या दोन वर्षांत शिष्याची चित्रं थेट मेलबर्नला पोचली. १९३८मध्ये तिथे त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं आणि त्यातली सगळी, म्हणजे ४१ चित्रं विकली गेली.

आता चित्रांकडे बघू. आपल्याकडच्या जलरंगाला दमट हवेची सवय आहे. घाटातलं धुकं, पावसाळी आभाळ, ओल्या कागदावर पसरत जाणारी रंगाची झाक हे आपलं वैभव. दूरचं ते फिकट, पुसट, निळसर, हा नियम विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, स्वच्छ हवेत हा नियम मोडतो. मैलोगणती दूरच्या कड्याची धार जवळच्या दगडाइतकी रेखीव दिसते, आणि सूर्य कलला की तोच लाल कडा जांभळा होतो, मग गडद निळा. नामाटजिरांनी दूरचे डोंगर पुसट केले नाहीत. त्यांच्या चित्रात पायाजवळचं स्पिनिफेक्स गवत, मधलं माळरान आणि क्षितिजावरचा माउंट सॉन्डर यांना सारखाच मान मिळतो. डोळा एका जागी थांबत नाही, सगळीकडे फिरतो. दक्षिणेच्या शहरांतल्या अनेकांना हे रंग अतिशयोक्त वाटले. जे पुढे तिकडे गेले त्यांना कळलं की रंग तसेच आहेत.

पांढऱ्या झाडाचं बघा. पारदर्शक जलरंगात उजेड हा कागदाचा असतो. घोस्ट गमचं खोड दाखवायचं तर पांढरा रंग लावायचा नसतो, तेवढा कागद कोरा राखायचा असतो. म्हणजे मागचा डोंगर रंगवायला घेण्याआधीच झाड कुठे उभं राहणार, त्याची फांदी कुठे वळणार, साल कुठे सोलली आहे हे चित्रकाराला पक्कं ठाऊक हवं. कोरड्या हवेत रंग झरझर वाळतो, दुरुस्तीला सवड देत नाही. नामाटजिरांची झाडं पाहताना जाणवतं की हा माणूस झाडांचा नमुना काढत नाही, प्रत्येक खोड ओळखून काढतो. त्यांच्या बऱ्याच चित्रांत झाड एका कडेला, अगदी पुढे उभं असतं आणि डोंगर त्याच्या मागे. जणू घरातलं कुणी दाराशी येऊन उभं राहावं, तसं.

तरीही त्यांच्या हयातीत समीक्षकांनी त्यांना काय ठरवलं? आधुनिकतावाद्यांना ही चित्रं जुनाट युरोपीय शैलीची नक्कल वाटली. त्यांना आदिवासींकडून आदिवासी दिसणारं काहीतरी हवं होतं. दुसऱ्या बाजूला सरकारी मंडळींना हीच चित्रं आपल्या धोरणाच्या यशाचा दाखला वाटली: बघा, आदिवासी माणूस आपल्यासारखा झाला. दोन्ही बाजूंनी तंत्र पाहिलं, जागा कुणी पाहिली नाही. ॲडलेडच्या कलासंग्रहालयाने १९३९मध्ये त्यांचं हास्ट्स ब्लफचं चित्र विकत घेतलं, पण इतर मोठी संग्रहालयं पुढे कित्येक वर्षं दूरच राहिली. या चित्रांचा नव्याने विचार पुढे हळूहळू सुरू झाला. २००२मध्ये जन्मशताब्दीनिमित्त कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा नीट विचारलं की या माणसाने हीच ठिकाणं का निवडली. उत्तर साधं होतं. ही त्यांच्या आईवडिलांची, पूर्वजांची, दीक्षेत शिकलेली ठिकाणं होती. जे गुप्त ठेवायचं ते त्यांनी कागदावर आणलं नाही, पण जागा अचूक आणली.

नक्कल हा आरोप आपल्याला तरी पटायला नको. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये इंग्रजी पद्धतीने शिकले आणि पुढे कोल्हापुरात राहून कोटितीर्थाचा परिसर रंगवत राहिले. ती चित्रं पाहताना आपल्याला इंग्लंड आठवत नाही, कोल्हापूरच आठवतं. तंत्र कुणाकडून आलं यावरून चित्र कुणाचं हे ठरत नाही. ते ठरतं पाहणारा त्या जागेला किती दिवस, किती जवळून ओळखतो यावरून.

आता या गोष्टीचा दुःखद भाग. पन्नाशीच्या दशकात नामाटजिरा ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एक होते. त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी लागल्या. १९५४मध्ये कॅनबेराला त्यांची राणी एलिझाबेथशी भेट घडवली गेली. १९५६मध्ये विल्यम डार्गी यांनी काढलेल्या त्यांच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालं. आणि याच माणसाने गुरं पाळायला कुरण भाडेपट्ट्याने मागितलं तेव्हा सरकारने नाकारलं. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायला जागा मागितली, तीही नाकारली, कारण तो आदिवासी. उत्पन्नावर कर मात्र घेतला. ज्या डोंगरांची चित्रं देशभर दिवाणखान्यांत टांगली गेली, त्या डोंगरांच्या पायथ्याशी चित्रकाराला हक्काची एक खोली बांधता आली नाही. हे एका अधिकाऱ्याचं निष्ठुरपण नव्हतं. चित्र आपलं आणि जमीनही आपलीच, अशी त्या समाजाची सगळी घडणच होती.

नॉर्दर्न टेरिटरीतल्या जवळजवळ सगळ्या आदिवासींना सरकारचे पाल्य ठरवणारी नोंदवही १९५७मध्ये लागू झाली. नामाटजिरा आणि त्यांची पत्नी रुबिना यांची नावं तीतून वगळली गेली. म्हणजे त्यांना मतदान करता येणार, हवं तिथे राहता येणार, दारू विकत घेता येणार. त्यांच्या मुलांना यातलं काहीच नाही. अरांडा समाजात आपल्याजवळ जे आहे ते नातलगांत वाटणं हा धर्म. नामाटजिरांच्या कमाईवर नात्यागोत्यातली कितीतरी माणसं जगत होती. एका बाजूला वाटलंच पाहिजे असं सांगणारा समाज, दुसऱ्या बाजूला वाटलं तर गुन्हा म्हणणारा कायदा. १९५८मध्ये नातलग चित्रकाराला दारू पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. देशभर संताप उसळला, अपिलात ती तीन महिन्यांवर आली आणि त्यातले सुमारे दोन महिने त्यांनी पापुन्या या सरकारी वस्तीत काढले. सुटून आले ते खचूनच. ८ ऑगस्ट १९५९ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ॲलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

मृत्यूनंतरही हिशेब मिटला नाही. प्रती छापण्याच्या हक्कांचा काही भाग त्यांनी १९५७मध्येच एका खासगी प्रकाशकाला दिला होता. पुढे १९८३मध्ये सरकारी विश्वस्ताने सगळेच हक्क ८५०० डॉलरला विकून टाकले, कुटुंबाला न विचारता. नामाटजिरांची चित्रं पुस्तकात छापली तर पैसा दुसऱ्याला, अशी स्थिती २०१७पर्यंत राहिली. त्या वर्षी दीर्घ लढ्यानंतर ते हक्क एका डॉलरला नामाटजिरा कुटुंबाच्या न्यासाकडे परत आले. नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने २०१८मध्ये भरपाईही दिली.

पण ही गोष्ट नुसत्या अन्यायाची म्हणून सांगितली तर आपण पुन्हा त्या माणसाचं चित्र बाजूला सारू. त्याने उभं केलेलं काम पाहा. एनोस, ऑस्कर, इवाल्ड, कीथ, मॉरिस ही मुलं चित्रकार झाली. हर्मन्सबर्गची जलरंग परंपरा नातवंडा-पतवंडांपर्यंत चालू आहे. ज्या पापुन्यात नामाटजिरांनी शिक्षा भोगली, तिथेच १९७१मध्ये वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचं चित्र काढलं आणि बिंदूंच्या त्या चित्रकलेची चळवळ सुरू झाली, जी आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. आदिवासी माणूस कलावंत म्हणून नावाने ओळखला जाऊ शकतो, ही वाट नामाटजिरांनी आधी चालून दाखवली होती. आणि २०२०मध्ये त्यांचे पणतू व्हिन्सेंट नामाटजिरा यांना आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक जिंकणारे ते पहिले आदिवासी चित्रकार. पणजोबा त्या पारितोषिकाच्या भिंतीवर दुसऱ्याने काढलेलं चित्र म्हणून लागले होते, पणतू तिथे चित्र काढणारा म्हणून पोचला.

श्रोतेहो, हे सगळं दूरदेशीचं वाटू नये. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर वारली आकृती छापताना ती कुणी काढली आणि त्याला काय मिळालं, हे आपण किती वेळा विचारतो? डहाणू-तलासरीचं जंगल चित्रात आवडणं आणि तिथल्या माणसाच्या वनहक्काच्या दाव्याकडे पाठ फिरवणं, हे नामाटजिरांच्या काळातल्या ऑस्ट्रेलियापेक्षा फार वेगळं नाही.

आपली कलामहाविद्यालयं दरवर्षी विद्यार्थ्यांना निसर्गचित्रणासाठी वाई-मेणवलीला, नाशिकच्या घाटावर, कोकणात नेतात. ते चालू राहावंच. पण त्या सहलीत तासभर गावात बसायला ठेवा. ओढ्याला गावकरी काय म्हणतात, ते झाड कुणी लावलं, माळ गायरान आहे की कुणी कुंपण घातलं, धरणात कुणाची शेतं गेली, हे विचारू द्या. चित्राखाली जागेचं नाव लिहायची सवय लावा. आणि आदिवासी चित्रकाराची आकृती छापणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती सरकारी असो वा खासगी, त्याचं नाव छापावं आणि मोबदला त्याच्या हातात द्यावा. ऑस्ट्रेलियाला हे शिकायला १९३८पासून २०१७पर्यंतचा काळ लागला, आणि ज्याचं देणं होतं तो माणूस तोवर कधीच गेला होता. आपल्याला तितकं थांबायचं काही कारण नाही. निसर्गचित्रणाच्या वर्गात पहिला धडा उजेडाचा असतो. दुसरा धडा या देण्याचा असावा, अशी माझी या व्यासपीठावरून सर्व कलाशिक्षकांना मनापासूनची विनंती आहे.